तोंड लावलेला तांब्या

"तोंड लावलंस?"

बाईंनी एवढंच विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. मी पाणी पीत होते त्या तांब्याच्या बुडावर त्यांचा पंजा बसला. स्टीलचा काठ समोरच्या दातावर आदळला. जिभेवर खडा आल्यासारखं वाटलं. मी तो हातावर थुंकले. खडा नव्हता, माझ्या दाताचा कोपरा होता.

बाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं नाही. तांब्याकडं पाहिलं.

बुलडाण्यात त्यांच्या सासऱ्यांना सांभाळायला मी जायचे. देऊळघाटहून सकाळी ऑटोनं यायचं, सांजेला परत. आबा लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांचं हगणं-मुतणं, अंघोळ, कूस बदलणं, सगळं माझ्याकडं. माझ्या हातचा वरणभात आबांच्या पोटात चालायचा. फक्त माझं तोंड त्या घरात चालत नव्हतं.

"वरून प्यायचं हं, उष्टं होतं." बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वरून तर आमच्या घरीही पितात. मला त्यात काही वाटलं नाही. मग दिसायला लागलं. बाई तोंड लावून पितात. सर, म्हणजे त्यांचा नवरा, रिटायर हेडमास्तर, तेही तोंड लावून पितात. मुलगा फ्रीजमधली बाटली तोंडाला लावतो आणि तशीच परत ठेवतो. उष्टं फक्त माझंच व्हायचं. आम्ही बौद्ध. आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

त्या दिवशी आबांना उलटीवर उलटी होत होती. लाइट गेलेली. आबांचं डोकं माझ्या खांद्यावर, एक हात त्यांच्या पाठीमागं. घसा सुकून गेला होता. मान वर करून पाणी ओतायला गेले असते तर आबा खाली कलंडले असते. म्हणून तांब्या उचलला आणि ओठाला लावला. तहान लागली होती हो. दुसरं काही नाही.

तुटलेला तुकडा मी पदराला बांधणार होते. बाईंनी तो माझ्या हातातून फडक्यानं उचलला. "घरात दात राहू नये, अपशकुन असतो," म्हणाल्या. मोरीत टाकला, वरून बादली ओतली. मग तांब्या दोन बोटांत धरून माझ्या पिशवीत सोडला. "हा घेऊन जा आता. आमच्या कामाचा राहिला नाही."

त्यांच्या लग्नातल्या आहेराचा तांब्या. त्यावर बाईंचं नाव कोरलेलं, आहेर देणाऱ्या मामांचं नाव कोरलेलं. पण माझे ओठ लागले, मग नावाचं काय घेऊन बसलात?

हिरडीतलं रक्त थांबेना तेव्हा बाई घाबरल्या. शेजारणीला आबांजवळ बसवलं आणि मला गाडीत घातलं. सीटवर पेपर अंथरला, डाग पडू नये म्हणून. वाटेत म्हणाल्या, "मोरीत पाय घसरून पडलीस. लक्षात ठेव."

त्यांच्या भाच्याचा दातांचा दवाखाना आहे. आमच्या आधी एका वकिलाची मुलगी होती, स्कूटीवरून पडलेली. तिचाही समोरचाच दात. डॉक्टर तिला प्लास्टिकचा जबडा हातात देऊन समजावत होते. हे बघ बेटा, तुकडा लहान असला तर भरता येतो. जास्त गेला असला तर कॅप. नस उघडी पडली असली तर आधी रूट कॅनॉल. तुला काय सोयीचं वाटतं? ती पोरगी विचार करायला दोन दिवस मागून गेली.

मग माझी पाळी. खुर्ची मागं झुकली. तोंडात आरसा, बोळा, दिवा. डॉक्टरांनी बघितलं आणि बाईंना विचारलं, "मावशी, हिचं काय करायचं?"

हिचं. मी तिथंच होते. जबडा उघडा टाकून पडले होते.

"तूच सांग बाबा."

"काढून टाकू. एका झटक्यात मोकळी. हिला कुठं स्टेजवर जायचंय?"

"हो, काढूनच टाक. परत परत यायची कटकट नको."

भुलीचं इंजेक्शन भरलं. ते माझ्या तोंडाकडं येताना दिसलं. मी तोंड मिटलं.

"उघड."

मी बोळा काढून त्यांच्या चकचकीत ट्रेमध्ये ठेवला. उठून बसले. "दात माहा हाये. मले काऊन नाई इचारलं?"

डॉक्टर हसले. "तुला काय कळतं त्यातलं?"

"नाई कळत. म्हनून तं सांगा. त्या पोरीले सांगितलं तसं."

बाई चवताळल्या. "पडलीस ती पडलीस, आणि वर तोंड करून बोलतेस?"

"पडली नाई मी. तुमी मारलं. पानी पेऊन राह्यली होती तं तांब्या मारला तोंडावर."

हे मी मोठ्यानं बोलले. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू जावं म्हणूनच. आजवर तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, त्या वेळी तोंड मोकळं होतं. बाई "हळू, हळू" करत राहिल्या. मी पिशवी उचलली आणि चालत निघाले. रडू येत होतं, पण ते रागाचं होतं.

सरकारी दवाखान्यात रांगेत बसले. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं आरसा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बघा, एवढाच कोपरा गेलाय." एक्स-रे काढला. गार बोळा लावला, कळ मस्तकात गेली. "चांगलंय. नस जिवंत आहे, उघडीही पडली नाही. दात काढायचं काही कारणच नाही. तुकडा आणलाय का? तोच चिकटवता आला असता."

तोच चिकटवता आला असता. मोरीतली ती बादली डोळ्यांसमोर आली.

ती पुढं सांगत होती. कॅप बसवायची तर उरलेला चांगला दात चारी बाजूंनी घासावा लागेल. त्यापेक्षा दाताच्या रंगाच्या मसाल्यानं तेवढाच कोपरा भरू. कडक काही चावलंत तर निघू शकतो, मग पुन्हा भरायचा. "तुम्ही सांगा, काय करू?"

"भरा. पन आधी लिहून घ्या मॅडम, कसा तुटला ते. मंग भरा."

तिनं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मी सांगितलं तसं लिहिलं. मग भरलं.

सांजेला सर आमच्या घरी आले. देऊळघाटला, आमच्या वस्तीत, पहिल्यांदा. जयंतीला बुलडाण्यात समतेवर भाषण देतात, पण इकडची वाट त्यांना ऑटोवाल्यानं दाखवली. पेढे आणले होते. मायनं खुर्ची पुसून दिली.

सरांना अक्कल होती. मी मोरीत पडले असेन, तर बायकोच्या लग्नातला तांब्या माझ्या घरी कसा, हे कुणीही विचारील. बाई काय करून बसल्या ते त्यांना बरोबर कळलं होतं.

"हे बघ, आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर बोभाटा कशाला? ते सरकारी भरणं किती टिकणार? अकोल्याहून सिरॅमिकची कॅप करवून देतो, एक नंबर. तू तांब्या परत दे, आणि पडले म्हण."

दुपारी काढून फेकायचा होता तो दात. संध्याकाळी त्याला सिरॅमिक!

माय म्हणाली, "देऊन टाक व बाई. एका तांब्यापायी इतकं काऊन? उद्या तुले काम कोन देईन?" मला मायचाही राग आला. तिनं जन्मभर लोकांच्या दारात ओंजळीनं पाणी प्यालेलं. तिला यात काही नवीन वाटत नव्हतं, याचाच राग आला.

मी म्हटलं, "दात माहे हायेत, सर. ओठ बी माहेच. तुमचं त्यात काईच नाई. कॅपसाठी माहा चांगला दात घासा लागते. तो मी घासू देत नाई."

सरांचा आवाज बदलला. "मग तांब्या चोरलास म्हणून तक्रार देईन."

"द्या. काऊन देला तो बी सांगा त्याईले. पेढे उचला."

त्यांनी पेढे उचलले. माय दाराशी उभी राहून रडत होती.

सकाळी मी एकटीच ठाण्यात गेले. तांब्या टेबलावर ठेवला, दवाखान्याचा कागद ठेवला, तक्रार दिली. "नक्की ना?" असं हवालदारानं विचारलं. नक्की म्हटलं.

आता बाईंच्या कॉलनीत मला कुणी दारात उभं करत नाही. गावातली चार माणसं येऊन सांगतात, मोठी माणसं आहेत, मिटवून घे. सरांचा निरोप अजून येतो. त्यांचा वकील विचारील, तांब्याला तोंड का लावलं? मी सांगीन, तहान लागली होती. तारखा पडतील. भरलेला कोपरा मधेच निघाला तर परत रांगेत बसून भरून घेईन आणि पुढच्या तारखेला जाईन. बाईंचं पूर्ण नाव घेईन, त्यांच्या डोळ्यांत बघून घेईन, आणि त्यांनी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगीन.

मिटवणार नाही.