लेन्समधली मोटर आणि आमच्या दोघांमधली जागा

गेल्या रविवारी धरमपेठेतील आमच्या घरी मुलीने दोन जुनी छायाचित्रे माझ्यासमोर ठेवली. माझी पत्नी कुसुम या उन्हाळ्यात गेली... भिंतीवर लावण्यासाठी तिचे एकटीचे छायाचित्र हवे होते, आणि मनासारखे एकही सापडत नव्हते.

ही दोन्ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. आमच्या लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला होता. दोघांचा एक तरी धड फोटो असावा, एवढीच कुसुमची इच्छा होती. त्याच सुमारास तिचा धाकटा भाऊ दिलीप आखातातून सुट्टीवर आला, तो नवा ऑटोफोकस कॅमेरा घेऊन.

मी पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. त्या लेन्सने मला अक्षरशः वेड लावले. आत अंगठीसारखी गोल मोटर, पण तिच्यात ना चुंबक, ना तारांचे वेटोळे! वीज मिळताच एका कड्यात सूक्ष्म कंपने उठतात, कंपनांची लाट गोल धावते, आणि त्यावर घट्ट टेकलेले दुसरे कडे फिरून भिंगांना मागेपुढे सरकवते. किती सरकायचे, ते कॅमेऱ्यातील संवेदक सांगतो... आणि त्या कॅमेऱ्याचा संवेदक फक्त चौकटीच्या मध्यभागी पाहत असे.

कॅमेरा दिलीपच्या हाती देऊन आम्ही दोघे अंगणात कूलरपुढे उभे राहिलो. समोर खाटेवर सासूबाई बसलेल्या. वडीलधाऱ्यांदेखत पत्नीला खेटून उभे राहणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी सभ्य अंतर राखले.

बर्डीवरच्या स्टुडिओतून प्रिंट आले. आम्ही दोघे धुक्यात, आणि मागच्या कूलरच्या ताटीतली खसाची काडी न काडी स्पष्ट!

"आई वं, कूलर पाहा किती झकास आला! तुझे जावई काही दिसून नाही राहिले," कुसुम म्हणाली. ती हसली खरी, पण प्रिंट तिने लगेच पालथे ठेवले.

कारण उघड होते. संवेदकाने मध्यभागी पाहिले, आणि मध्यभागी आम्ही नव्हतोच. मोटरने आपले काम चोख केले होते.

दिलीप परत निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा उभे राहिलो. मी त्याला उपाय समजावू लागलो... बटण अर्धे दाबून आधी कुसुमवर फोकस धरून ठेवायचा, मग कॅमेरा हळूच मध्यावर आणायचा...

"अहो, यंत्राले काहून इतकं शिकवून राहिले? एक पाऊल इकडं सरका न!"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "सरका जावईबापू, मी नाही पाहत," म्हणाल्या, आणि खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मी सरकलो. कुसुमने माझे कोपर धरले. मोटर केव्हा फिरली ते ऐकूही आले नाही.

रविवारी ही दोन्ही पुढे ठेवून मुलगी म्हणाली, "बाबा, पहिल्या फोटोतून आईला सहज वेगळं काढता येईल, मध्ये जागा आहे." पण त्यात चेहराच पुसट. दुसऱ्यात चेहरा लख्ख, हसू नुकतेच फुटलेले... आणि तिचा हात माझ्या कोपरावर. कापायचे कुठून?

मी कापू दिले नाही. ते छायाचित्र जसेच्या तसे चौकटीत बसवून भिंतीवर लावले आहे. शेजारी मी उभा असल्याने त्याला हार घालता येत नाही... आणि तिने मागितलेल्या त्या एका पावलाबद्दल मी तिचा फार ऋणी आहे.