जामखेडमावशीचं सिलोन

जामखेडमावशी कोणाशीही मराठीतच बोलायची. समोरच्याला मराठी येतं की नाही, ही चौकशी तिनं आयुष्यात कधी केली नाही. नगरच्या रस्त्यावरचा गोरा सोल्जर असो, मद्रासचा हमाल असो की सिलोनचा स्टेशनमास्तर असो, मावशी पदर सारखा करायची आणि सरळ विषयाला हात घालायची. नवल असं की, समोरचा माणूसही आपल्या भाषेत तिला तितकंच सविस्तर उत्तर द्यायचा. मग मावशी आमच्याकडे वळून ‘बगा, किती साधा मानूस हाय’ असा शेरा मारायची. तो काय बोलला हे मात्र कोणालाच कळलेलं नसायचं.

ती खरं म्हणजे कोणाचीच मावशी नव्हती. नगरच्या मिशनच्या ट्रेनिंग कॉलेजात आम्ही शिक्षिका व्हायला आलेल्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या, आणि ही आमच्याच वर्गात, आमच्याच बाकावर, पस्तिशी ओलांडलेली विधवा. जामखेडजवळच्या एका खेड्यात ती कित्येक वर्षं मिशनची शाळा चालवीत होती. सर्टिफिकेट नाही म्हणून शाळा बंद पडायची वेळ आली, तेव्हा दाराला कुलूप घालून ती स्वतःच शिकायला आली. बाकावर बसलं की तिचे गुडघे फळीला टेकायचे. मानसशास्त्राच्या तासाला ती हमखास पेंगायची आणि विचारल्यावर म्हणायची, ‘बाई, पोराचं मन वळखायला पुस्तक कशाला? पोरगं दाखवा.’ तिची नावं द्यायची पद्धतही सोपी होती. जो ज्या गावचा, त्याला त्या गावच्या नावानं हाक. त्यामुळे कॉलेज सुटेपर्यंत मी ‘ए सोनई’ होते आणि माझी मैत्रीण ‘राहाता’.

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या मिसबाईंनी अभ्याससहल ठरवली, तीही थेट सिलोनला. मिसबाई म्हणजे आमच्या प्रिन्सिपल, अमेरिकेहून आलेल्या आणि मराठी आमच्यापेक्षा चोख बोलणाऱ्या. सिलोनच्या एका खेड्यातल्या शाळेत मुलांबरोबर त्यांच्या आयाही शिकतात, ती शाळा आम्ही पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही सहाजणी निवडल्या गेलो. माझी निवड इंग्रजी बरं म्हणून, आणि मावशीची, आमच्यात खेड्यात शिकवलेली ती एकटीच म्हणून. सोनईला आमच्या घरी तर मी विलायतेलाच निघाले असा गवगवा झाला. मावशीनं मात्र ज्वारीच्या पिठाचं एक गाठोडं आणि ठेच्याची बरणी बांधली, आणि तिची तयारी झाली.

गाडी दौंडवरून मद्रासकडे निघाली तशी मावशीनं खिडकी धरली ती सोडलीच नाही. दिसेल ते ती जामखेडाशी ताडून पाही. हिरवीगार भातशेतं पाहून म्हणाली, चिखल लई हाय. नारळाच्या रांगा पाहून म्हणाली, सावली न्हाई, नुसती उंची. ‘जामखेडच्या मानानं बरं हाय’ ही तिची सर्वांत मोठी शाबासकी होती आणि अख्ख्या मद्रास इलाख्यात ती दोनतीन ठिकाणांनाच मिळाली.

रामेश्वराच्या अलीकडे मंडपमला सिलोनला जाणाऱ्यांची तपासणी होई. डॉक्टरांनी माझ्या तोंडात थर्मामीटर घातला आणि माझी विलायत तिथंच संपली. अंगात ताप होता. ताप उतरेपर्यंत मला तिथल्या कँपात राहावं लागणार होतं, आणि पलीकडे शाळेत सगळा कार्यक्रम ठरलेला. मिसबाई फार अस्वस्थ झाल्या. मला एकटीला ठेवता येईना, सगळ्यांना थांबवता येईना. मी तोंड फिरवून रडत होते. मैत्रिणी जमिनीकडे पाहत होत्या. मावशी मात्र खाली बसून गाठोड्याची गाठ सोडायला लागली होती.

“तुमी म्होरं व्हा बाई,” ती म्हणाली. “ही बरी झाली की आमी दोघी येतो.”

मिसबाईंनी विचारलं, अनोळखी मुलूख, भाषा येत नाही, तुम्ही दोघी याल कशा?

“हिला इंग्रजी येतं, मला मराठी येतं. अजून किती लागतंय?”

मिसबाईंनी आमची दोन तिकिटं आणि शाळेचा पत्ता माझ्या हातात दिला. त्या बाकीच्यांना घेऊन गेल्या.

त्या कँपात चहाच्या मळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांची गर्दी होती. मावशीनं पहिल्याच दुपारी त्यांच्यातल्या एका चुलीपाशी जागा मिळवली आणि भाकरी थापायला घेतली. पीठ हातावर फिरतंय, वाढतंय, हे पाहायला बायका गोळा झाल्या. एकीनं करून पाहिली, तिची निम्मी भाकरी चुलीत पडली, आणि सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसल्या. बदल्यात माझ्यासाठी रोज भाताची पेज यायची. संध्याकाळी मावशी माझ्या उशाशी बसून त्या बायकांच्या हकिगती सांगे. या लाल लुगड्यावालीचा पोरगा मागं आजीपाशी राहिलाय, म्हणून ती जेवत नाही. तुला हे कसं कळलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, ‘ती बोलताना हात असा कमरेएवढा धरती, अन् मग डोळं पुसती. अजून काय सांगावं लागतं व्हय?’ ताप असताना तिनं माझे पाय रगडले, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि वर ‘सोनईचं पानीच हलकं, त्याला मानूस काय करनार’ असं दिवसभर ऐकवलं.

ताप उतरला तसं आम्ही धनुष्कोडीहून बोटीत बसलो. वाटेत कोणालाही न भिणारी मावशी समुद्राला मात्र भ्याली. बोटीच्या मधोमध, पाण्याकडे पाठ करून, माझं मनगट आवळून ती बसली. किनारा दिसायला लागल्यावर तिनं एकदा मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “एवढं पानी हिथं, अन् आमच्याकडं बाया अर्धा कोस घागर वाहत्यात. देवाची वाटनी बग कशी हाय.” त्यानंतर ती जामखेडाचं नाव काही वेळ काढेनाशी झाली.

सिलोनच्या गाडीत माझं इंग्रजी कामाला यायचं होतं. पोलगहवेला नावाच्या स्टेशनावर गाडी बदलायची होती आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कॉलेजात पाठ म्हणून दाखवणारी मी, तिथं नुसती घामाघूम. मावशीनं ‘पोळगाव, पोळगाव’ करीत गार्डाला गाठलं आणि, दादा, आमच्या बाई म्होरं गेल्या, आमाला त्यांच्याकडं जायचंय, असं सगळं मराठीत सांगून टाकलं. गार्ड गोंधळून माझ्याकडे पाहायला लागला. आता तरी बोलणं भाग होतं. मी कँडीचं नाव घेतलं, दोन वाक्यं बोलले, आणि त्यानं आम्हाला बरोबर डब्यात नेऊन बसवलं. पुढे आयुष्यभर मावशी सांगत आली की पोळगावच्या गार्डाला मराठी चांगलं समजत होतं.

शाळा कँडीपासून आत, डोंगरात होती. भिंती कमरेएवढ्याच, वर नारळाच्या झावळ्यांचं छप्पर. आम्ही पोचलो तेव्हा मिसबाई व्हरांड्यातच उभ्या होत्या. आम्हाला पाहून त्या खाली बसल्या आणि त्यांनी आम्हा दोघींना जवळ ओढून घेतलं. शाळेच्या मुख्याध्यापिका उंच, सडसडीत, चष्म्यातून एकटक पाहणाऱ्या. त्यांची आम्हा सगळ्यांना भीती वाटायची. दुपारी मुलांच्या आया येत, ताडाच्या पानांच्या चटया विणीत बसत, आणि विणता विणता फळ्यावरची अक्षरं गिरवीत. मावशी त्या आयांच्यात जाऊन बसली ती उठेना. शेवटी माझ्या तोंडून तिनं मुख्याध्यापिकांना विचारलं, यांना घरचे येऊ कसे देतात? त्या म्हणाल्या, नुसतं शिकायला बोलावलं तर एक बाई येत नाही. घरात उपयोगी पडेल असं हाताला काम दिलं की कोणी अडवत नाही. मी भाषांतर करून सांगितलं. मावशीनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

निघायच्या आदल्या दिवशी, आपल्या देशातलं काहीतरी दाखवा, अशी मुख्याध्यापिकांनी विनंती केली. आम्ही महिनाभर घोकलेलं इंग्रजी गाणं म्हटलं. टाळ्या अगदी सभ्यपणे पडल्या. मग मावशी उठली, पदर खोचला, आणि सरळ मुख्याध्यापिकांचे दोन्ही हात धरले. फुगडी. मिसबाईंनी डोळे मिटून घेतले. पहिला फेरा त्या बाई नुसत्या ओढल्या गेल्या, दुसऱ्यात त्यांचे पाय जमले, आणि मग दोघी अशा गरगरल्या की चष्मा उडून माझ्या मांडीत पडला. थांबल्या तेव्हा दोघींना उभं राहता येत नव्हतं, आणि ती कडक बाई मावशीच्या खांद्यावर डोकं टेकून पोरीसारखी हसत होती. तोवर झावळ्यांच्या छपराखाली आयांच्या कितीतरी जोड्या फिरायला लागल्या होत्या.

परत आल्यावर परीक्षा झाली आणि नेमणुकांचा दिवस उजाडला. मला नगरातल्याच मुलींच्या शाळेत जागा हवी होती आणि ती मिळेल असं वाटतही होतं. मिसबाईंनी सहज विचारलं, मावशींच्या शाळेला आता आणखी एक शिक्षिका द्यायची आहे, जामखेडकडे कोण जाईल? कोणी मान वर करायच्या आत मावशी म्हणाली, ‘ही सोनई येती.’ मिसबाई आनंदल्या, मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि माझं नाही म्हणायचं राहून गेलं. मोटारीत जामखेड येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती माझ्याशी सगळा रस्ता बोलत होती.

एक वर्ष काढायचं आणि बदली मागायची, असं मी ठरवलं. चटया विणायला तिकडं ताड कुठला? मावशीनं बांधावरची घायपात आणली, भिजवली, कुटून तिचा वाख, म्हणजे दोराचा धागा, काढला, आणि दुपारी बायकांना दोर वळायला बोलावलं. दोर वळताना समोर फळा. गावात कुरकुर झाली. दोर वळणं हे आपल्या जातीचं काम नव्हे, असं काही घरांतून निरोप आले. मावशीनं ठणकावून सांगितलं की सिलोनात लाटसाहेबांच्या बायकासुद्धा वळतात. खरंखोटं सांगू शकणारी गावात मी एकटीच, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान डोलावली. त्या दिवसापासून बहुधा मी तिच्या बाजूची झाले.

एकदा एका बाईचा नवरा काठी घेऊन दारात उभा राहिला. माझी बायको कुटं हाय, एवढंच तो म्हणाला. बाई भिंतीला चिकटली. मावशीनं त्या बाईनंच वळलेला दोर उचलून त्याच्या हातात दिला आणि ओढून बगा म्हणाली. त्यानं पायाचा जोर लावून ओढला, पिळून पाहिला. बाजारातल्यापेक्षा तो बरा निघाला असावा. बैलाला दावं पायजे हुतं, असं पुटपुटत तो दोर घेऊन गेला. बायको राहिली. पावसाळ्याआधी तिला आपलं नाव लिहिता येऊ लागलं, तेव्हा तिनं ते कोळशानं घराच्या भिंतीवर, दारावर, पाण्याच्या रांजणावरही लिहून ठेवलं.

पुढे मावशीला दम लागायला लागला. ती दारात खाटेवर बसून शाळा चालवायची, म्हणजे मी शिकवायचे आणि ती बाहेरून दुरुस्त्या सांगायची. एकदा तपासणीला साहेब आले. मुली, बायका, दोर, फळा, सगळं पाहून झाल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, एवढी शिकलेली मुलगी तुम्ही या आडगावात राहायला राजी कशी केली?

“तिला इचारलंच न्हाई,” मावशी म्हणाली. “इचारलं असतं तर न्हाई म्हनली असती.”

साहेब हसले. मीही हसले, कारण ते खरं होतं.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. तिला उचलल्यावर गावातल्या बाया पहिल्यांदाच पुरुषांबरोबर टेकडीखालच्या दफनभूमीपर्यंत चालत आल्या, आणि त्यांना कोणी मागं फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी मिसबाई मुद्दाम मोटार करून आल्या. माझ्याजवळ बसून त्यांनी हात हातात घेतला आणि म्हणाल्या, नगरच्या शाळेत जागा रिकामी आहे, तुला यायचं आहे का? तुझ्या मनात असेल तेच सांग.

मला पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, जरा विचार करते. बायका दोर वळायला यायची वेळ झाली होती. मी उठले, ओसरीवर गेले आणि शाळेची घंटा दिली.