तण उपटणारे आसारामकाका

आसाराम भिंगारदिव्यांचं अख्खं आयुष्य हिरवळीत गेलं, आणि त्या हिरवळीत एक पानही कुणाच्या ताटासाठी लावलेलं नव्हतं. भिंगारला लष्कराच्या एका बागेत ते छत्तीस वर्षं माळी होते. गवत असं कापायचे की त्यावर भरलेली कपबशी ठेवली तरी चहा कडेला कलत नसे. कुंपणाची मेंदी दोरी लावल्यासारखी सरळ. कुठल्याशा मोठ्या साहेबांनी एकदा गाडी थांबवून विचारलं होतं, "ये गार्डन किसका है?" त्यावर आसारामकाका ताठ उभं राहून म्हणाले होते, "आपलंच हाय, साहेब." हा किस्सा गल्लीत सगळ्यांना पाठ होता, कारण काका तो दर महिन्याला एकदा तरी सांगत.

निवृत्त झाल्यावर मात्र हात शिवशिवायला लागले. गल्लीतल्या लोकांची बोगनवेल, शेजाऱ्याची तुळस, दिसेल ते काका छाटू लागले. शेजारी वैतागले. काकांची बायको छबूबाई म्हणायची, "घरात कात्री नेमकी कुठं ठेवायची, याचाच घोर लागलाय मला."

अशात शाळेच्या अश्विनी मॅडम घरी आल्या. गल्लीच्या टोकाशीच ती शाळा. तिथल्या मुलांपैकी निम्म्यांचे आईबाप दुकानांत, कारखान्यांत किंवा लष्कराच्या कचेऱ्यांत कामाला. वर्गात मॅडमनी विचारलं होतं, भुईमुगाच्या शेंगा कुठं लागतात? तर एकवीस पोरांनी फांदीला शेंगा लटकवलेलं चित्र काढून दिलं. मॅडमनी मग मुख्याध्यापकांना गाठून शाळेमागची पडीक जागा परसबागेसाठी मागून घेतली.

"काका, भाज्या लावायच्यात. मुलांनीच लावायच्या, मुलांनीच खायच्या. तुम्ही शिकवाल ना?"

काकांनी आयुष्यात एक वांगंसुद्धा लावलेलं नव्हतं. त्यांचे वडीलही लष्कराच्या मेसमध्ये भांडी घासायला होते. शेताशी घराचा संबंधच आला नाही. पण छत्तीस वर्षांचा माळी "येत न्हाई" कसं म्हणणार?

"त्यात काय अवघड हाय, मॅडम," ते म्हणाले. स्वयंपाकघरातून छबूबाईचा खोकला ऐकू आला. तो खोकला खरा नव्हता, हे काकांना कळलं. छबूबाई कर्जतकडच्या एका खेड्यातली, दहा वर्षांची होती तेव्हापासून खुरपं हातात. पण तिला विचारायला काकांचा जीव धजेना.

जून संपता संपता काम सुरू झालं. काकांनी आधी विटा मागवल्या. तिरक्या रोवून त्यांना एक सोडून एक चुना आणि गेरू फासला. मग दोरी लावून वाफे पाडले. प्रत्येक वाफ्यावर चार पोरं. मेथी, पालक, गवार, टोमॅटो, वांगी. बी कुठलं, किती खोल, किती अंतर, हे काका बियांच्या पाकिटावर चोरून वाचत आणि मग मोठ्यानं सांगत. पोरांना ते फार जाणते वाटत.

काकांचा खरा हुकूम एकच होता. "तण दिसलं की उपटायचं. मुळासकट. तण म्हंजी आपला दुश्मन."

पोरांना लढाई आवडते. सहावीतली संस्कृती तर मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तण उपटायला पळे. पाऊस बरा झाला होता, त्यामुळं दुश्मनही जोमात होता. लाल देठाचं, जाडसर, इवल्या पानांचं, जमिनीवर पसरणारं एक तण तर काकांच्या जन्माच्या ओळखीचं. हिरवळीत त्यानं त्यांचा छत्तीस वर्षं पिच्छा पुरवला होता. आता त्याचा ढीग भिंतीपाशी गुडघाभर झाला.

श्रावणातल्या एका शनिवारी काका घरी चष्मा विसरले, म्हणून छबूबाई तो घेऊन शाळेत आली. वाफे बघून तिनं मान डोलावली. विटांकडे बघून तोंडाला पदर लावला. आणि मग तिला भिंतीपाशी तो ढीग दिसला.

"अगं बाई! ही भाजी कुनी टाकली इथं?"

"भाजी न्हाई, तण हाय ते," काका म्हणाले.

"तण?" छबूबाईनं वरची मूठभर जुडी उचलली. "अहो, घोळ हाय ही. घोळीची भाजी. न् हा खाली दबलाय तो तांदुळजा." तिनं संस्कृतीला जवळ घेतलं, एक पान तोडून तिच्या हातावर ठेवलं. "धुऊन खाऊन बघ."

संस्कृतीनं नळावर पान धुतलं, दातांत धरलं, डोळे बारीक केले. "आंबट लागतंय!"

झालं. तीस पोरं ढिगावर तुटून पडली.

काकांचा चेहरा पडला. "छबू, मी जन्मभर उपटत आलोय हे. खायचं असतं तर मला कळलं नसतं का?"

सांगावं की नाही, असं छबूबाईच्या मनात आलं असावं. पण मग तिला हसू आवरेना. "तुमी उपटून बागेच्या भिंतीमागं टाकायचा ना? मी न् शेजारच्या बाया सांजच्याला जाऊन निवडून आनायचो. डाळ घालून, वर लसनाची फोडनी. तुमी दोन-दोन भाकरी चुरून खायचा, न् म्हनायचा, छबू, आज भाजी लई झ्याक झाली!"

पोरं खिदळली. अश्विनी मॅडमनीही हसू लपवायला तोंड फिरवलं. काकांनी चष्मा घेतला आणि ते घरी निघून गेले.

त्या दुपारी खिचडी शिजवणाऱ्या विमलबाईंनी आणि छबूबाईनं मिळून ताजी, कोवळी घोळ तोडून मोठ्या पातेल्यात डाळ-घोळ शिजवली. पालक ताटाच्या कडेला सारणारी पोरं पुन्हा वाढायला सांगत होती. काका मात्र घरी भिंतीकडे तोंड करून पडले होते. लोक हसले याचं दुःख फारसं नव्हतं. छत्तीस वर्षं ज्याला दुश्मन म्हटलं, त्यानंच आपलं पोट भरलं, आणि आपल्याला पत्ताच नाही, हे मात्र त्यांना आत टोचत होतं.

सोमवारी ते गेले नाहीत. मंगळवारी दारात संस्कृती आणि तिच्या वाफ्यावरचा करण उभे.

"आजोबा, चला ना. टोमॅटोला काठ्या बांधायच्यात. मॅडमनी बांधल्या, त्या सगळ्या पडल्या."

काका उठले. शाळेत जाऊन त्यांनी पोरांना रिंगण करून बसवलं. "पोरांनो, खरं सांगतो. मला गवत कापता येतं, काठी बांधता येती, कुंपन छाटता येतं. भाजीतलं मला ओ की ठो कळत न्हाई. मी पाकिटावरचं वाचून सांगत होतो."

"आम्हाला माहीत होतं," करण म्हणाला. "तुम्ही पाकीट उलटं धरलं होतंत एकदा."

यावर सगळ्यांत मोठ्यानं काकाच हसले.

दुसऱ्या दिवसापासून छबूबाईही शाळेत येऊ लागली. काय लावायचं, काय ठेवायचं, काय उपटायचं, ते ती ठरवायची. काठ्या, मांडव, पाटाचा उतार हे काकांकडे. एक वाफा तर मुद्दाम मोकळा सोडला. त्यात आपोआप उगवेल ते उगवू द्यायचं आणि घरी आजीला विचारून त्याचं नाव पाटीवर लिहायचं. पहिल्या महिन्यात सात नावं जमली. त्यांतल्या दोन भाज्यांवरून दोन आज्यांचं भांडणही झालं. आपलंच नाव खरं, असं दोघीही शाळेत येऊन सांगून गेल्या. मॅडमनी पाटीवर दोन्ही नावं लिहिली.

डिसेंबरच्या शेवटी छबूबाईच्या भावानं, भागवतमामांनी, सगळ्या वर्गाला कर्जतकडच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. एसटीतून उतरून पोरं बांधावरून धावत सुटली. भागवतमामांनी गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम दाणे पोरांच्या ओंजळीत टाकले. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. शेजारच्या तुकड्यात पोरांसाठी न काढता राखून ठेवलेला भुईमुगाचा एक वेल मामांनी मुळासकट उपसला, तेव्हा मातीखालून लोंबणाऱ्या शेंगा बघून एकवीस चित्रकारांनी एकाच वेळी आ वासला.

"आता कुनाला काही विचारायचं असंल तर हात वर करा," भागवतमामा म्हणाले.

पोरं दाणे खाण्यात गुंग होती. मागच्या ओळीत, मांडी घालून बसलेल्या आसारामकाकांचा हात तेवढा वर होता.

"पावनं, तुमी?"

"व्हय," काका म्हणाले. "फूल वर येतं, मग शेंग मातीत जाती कशी, ते नीट सांगा. घाईघाईनं न्हाई."