धुडकूच्या डोळ्यातलं भोक

आमचा धुडकू म्हणजे सुरतच्या लिंबायतमधला जुना कापड तपासनीस. लूमवरून उतरलेलं कापड टेबलावर पसरायचं, त्यावर इवलंसं भिंग उभं करायचं, डोळा चिकटवायचा आणि तुटलेला धागा शोधायचा. जन्म त्यातच गेला. त्याच्या लग्नात नवरीचा शालू तपासून दोष काढणारा माणूस हा! सासरे रुसले होते. असो, ती गोष्ट वेगळी.

तर यंदा त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, झकास. शेठ म्हणाला, "स्पष्ट दिसत असेल तरच सोमवारी ये, नाहीतर घरी आराम कर." आराम या शब्दाचाच धुडकूला धसका.

रविवारी संध्याकाळी आमच्या चाळीतल्या वैशाली मास्तरीणबाईंनी शाळेची आरशाची दुर्बीण गच्चीवर मांडली. जाडजूड नळा, वरच्या बाजूला डोळा लावायची जागा. बाईंनी तिथं मोठा आयपीस, म्हणजे डोळ्याशी यायचं भिंग, लावला, चित्र स्पष्ट करायची बाजूची चकती फिरवून गुरू ग्रह दाखवला. टिकलीएवढा गुरू आणि शेजारी रांगेत चार चंद्र! मी तर हरखलोच. आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी ग्रह दाखवायला भोपळा आणि लिंबं आणली होती, आणि लिंबं मधल्या सुट्टीत आम्ही मीठ लावून खाल्ली होती.

धुडकूची पाळी आली. बाई जिन्यापाशी कुणाशी तरी बोलत होत्या. डबीत बारका आयपीस होता, त्यात मोठं दिसतं हे त्यानं ऐकलेलं. यानं स्वतःच काढ-घाल केली, डोळा लावला आणि झटकन मागे सरला.

"काय व्हयनं तुम्हले?" त्याच्या बायकोनं, सरलाबाईंनी विचारलं.

"मना डोयामा भोक पडनं," तो पुटपुटला.

मग डावा डोळा लावून पाहिला. तिथंही तेच! पांढरं मोठं वर्तुळ, मधोमध काळं भोक, वर आडव्याउभ्या काळ्या रेघा. मटकन पाण्याच्या टाकीला टेकला. "दोन्ही गयात रे भो," मला म्हणाला.

बाई धावत आल्या. आयपीस पाहिला आणि हसू लागल्या. "नाना, आयपीस बदलला की चकती पुन्हा फिरवायची असते!"

"भिंग कोण फिरवतं? ठेवायचं आणि बघायचं," धुडकू म्हणाला. खरंच, त्याच्या टेबलावरच्या भिंगाला फिरवायचं काही नव्हतंच.

बाईंनी समजावलं, "नळ्याच्या तोंडाशी छोटा आरसा पट्ट्यांवर टांगलेला आहे. चित्र नीट जुळलं नाही की त्यांची सावली दिसते. भोक दुर्बिणीचं आहे, डोळ्याचं नाही."

धुडकू ऐकून घेणारा नव्हे. "चकतीला हात लावू नका. आधी हिला बघू द्या, हिलाही भोक दिसतं का."

सरलाबाई वाकल्या. "दिखस ना! चांगलं मोठं भोक शे!"

आपल्याला दिसलेला दोष दुसऱ्यालाही दिसला म्हणून खूश झालेला धुडकू मी पहिल्यांदाच पाहिला. मीही पाहिलं, भोक मलाही दिसलं, आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत सुटलो.

मग त्यानं स्वतः चकती हळूहळू फिरवली. भोक आकसत आकसत मिटलं. कापड तपासावं तसा त्यानं गुरू या काठापासून त्या काठापर्यंत तपासला. नंतर म्हणाला, "दोन पट्टे शेत त्याच्यावर. काठ सरळ शेत."

डोळा न काढताच बायकोला म्हणाला, "आयकस का व, सकायले डबा लवकर भरजो."