अण्णांचा कॉम्प्युटर आणि माझं क्लीन इन्स्टॉल

माझ्या सासऱ्यांचा कॉम्प्युटर मी एका रविवारी सकाळी पूर्णपणे दुरुस्त केला. त्याआधी तो व्यवस्थित चालत होता.

सासरे, म्हणजे अण्णा, जयनगरचे. त्यांचं घराणं बंगळुरात इतकं मुरलेलं, की पुण्याहून नोकरीसाठी आलेला मी त्यांच्या लेखी अजून पाहुणाच आहे. मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं संपादन त्या वर्षी अण्णांकडे आलं होतं. महिनोन्‌महिने खपून, एका बोटाने, त्यांनी ती स्वतः टाईप केली होती. सोमवारी ती प्रेसला जायची होती, आणि रविवारी सकाळीच कॉम्प्युटरने पडदाभर सूचना लावली की तुमची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली, आता नवी घाला.

"अपग्रेड करता येतं म्हणे," अण्णा म्हणाले. "आहे त्याच्यावरच नवी बसते. सगळं जागच्या जागी राहतं."

"अण्णा, अपग्रेड म्हणजे भिंत न खरवडता रंग मारणं! आतली घाण तशीच राहते. आपण क्लीन इन्स्टॉल करू. सगळं पुसायचं आणि कोरी करकरीत सिस्टीम घालायची."

"घाण म्हणालात ते खरं," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "पुसाच एकदा. त्या डब्यामागे किती धूळ साठलीय!"

"स्वल्प थांबा हो जावईबापू. उद्या प्रेसला जाऊ दे, मग काय पुसायचं ते पुसा."

"अण्णा, हेब्बाळला एवढ्या मोठ्या कंपनीत मी दुसरं काय करतो?" (दुसरंच करतो. मीटिंगा घेतो.)

बायकोने फक्त "नक्की ना?" एवढंच विचारलं. हा प्रश्न मला लग्नापासून आवडत नाही. मी अण्णांच्या सगळ्या फाईली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या, सगळ्यांना त्या उघडून दाखवल्या, आणि शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरच्या थाटात "फॉरमॅट"वर बोट दाबलं. जेवणं होईपर्यंत नवी सिस्टीम बसलीसुद्धा. काय तो वेग! काय तो चकचकीत पडदा! फाईली परत जागेवर ठेवल्या आणि अण्णांना मानाने खुर्चीत बसवलं.

अण्णांनी स्मरणिका उघडली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"एल, क्यू, एल, ओ, के, एक्स..." ते वाचू लागले. "हे काय आहे? इथे मी 'सुस्वागतम्' लिहिलं होतं!"

पानापानावर तेच. अध्यक्षांचं मनोगत म्हणजे नुसते कंस, डॉलर आणि प्रश्नचिन्हं! मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णांचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा होता. त्यात फाईलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरंच; त्यांना मराठीचा पोशाख चढवतो तो फॉन्ट. मी फाईली जिवापाड जपल्या होत्या. फॉन्ट सिस्टीमच्या पोटात होता, आणि सिस्टीम मी पुसली होती.

"काळजी नको, फॉन्ट काय, नेटवर ढिगाने मिळतात!" मी म्हणालो. मिळालेही. एकात सगळे ळ गायब, दुसऱ्यात वेलांट्या भलत्याच अक्षरांवर. तिसऱ्यात अध्यक्षांच्या नावाचं जे झालं ते मी घाईघाईने बंद केलं.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि मला फार वाईट वाटलं. शेवटी ते हळूच म्हणाले, "तो फॉन्ट घाटग्यांनी घालून दिला होता."

घाटगे म्हणजे मंडळाच्या आधीच्या स्मरणिकांचे संपादक. अण्णा संपादक झाल्यावर त्यांनी पहिलं काम कोणतं केलं असेल, तर घाटग्यांची दीर्घकविता साभार परत पाठवली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं!

मी स्कूटर काढली आणि यशवंतपूर गाठलं. घाटग्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर अण्णांच्याही कॉम्प्युटरपेक्षा म्हातारा कॉम्प्युटर होता, त्यावर क्रोशाचं झाकण.

"याला मी कुणाला हात लावू देत नाही," ते म्हणाले. "शिकलेल्या माणसांना तर नाहीच. फॉन्ट देतो. पण माझी कविता छापायची. अख्खी."

"काका, अण्णांना विचारावं लागेल."

"विचारा की. तोवर मी वाचून दाखवतो."

मी अण्णांना फोन लावला. मागे घाटगे खड्या आवाजात दुसऱ्या कडव्यावर पोचले होते. अण्णांना ते स्पष्ट ऐकू जात असणार. "सरी," अखेर ते कानडीत 'ठीक' म्हणाले, "घ्या." कवितेसाठी नाही, महिनोन्‌महिन्यांच्या कष्टांसाठी माझ्या स्वाभिमानी सासऱ्यांनी तो घोट गिळला. मला मात्र कविता पूर्ण ऐकल्याशिवाय पेन ड्राइव्ह मिळाला नाही.

संध्याकाळी फॉन्ट बसला आणि "सुस्वागतम्" पडद्यावर झळकलं. सासूबाईंनी हात जोडले. सोमवारी फाईल वेळेवर प्रेसला गेली, स्मरणिकाही देखणी निघाली.

माझी प्रत मी मोठ्या उत्साहाने उघडली. घाटग्यांची कविता होती, अख्खी. पण मी लिहून दिलेला लेख कुठेच दिसेना!

"अण्णा, माझा लेख?"

"कवितेला जागा नको का? एक लेख काढावाच लागला."

"पण माझाच का?"

"विषय काय होता तुमचा?"

"संगणकाची भीती कशी घालवावी."

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला नव्हती ना भीती? मग लोकांची कशाला घालवता!"