सांडशी आईच्या हातात

झेंडूच्या वाफ्यातली हराळी काढताना बाजारातला कोरा करकरीत विळा माझ्या हातात वाकला. मोडला असता तर एवढा राग आला नसता, पण मेला वाकला. मी तो बांधावर भिरकावला आणि दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आई शेजारीच शेवंतीच्या काड्या निवडत बसली होती. तिनं तो उचलला, अंगठ्याच्या नखानं धार चाचपली आणि म्हणाली, "हे लोखंड नाय, पत्रा हाय. पाणीच पाजलं नाय याला."

पाणी पाजणं म्हणजे तापलेलं पातं एकदम विझवून कडक करणं. लोहाराच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि आम्ही दोन्हीकडून लोहारच.

"मग तू करून दे ना चांगला," मी म्हटलं.

"मी कुठं करायचे? मी घण मारायचे. करणारे तुझे बाबा."

माझं माहेर देवळ्याकडचं. तिथल्या आमच्या भट्टीवर बाबा बसलेले असायचे आणि आई उभी. बाबा सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर ठेवायचे, लहान हातोडीनं एका जागी टिचकी मारायचे, आणि आई नेमक्या त्याच जागी घण घालायची. फाळ, कुऱ्हाडी, कांद्याची पात कापायचे विळे, सगळं असंच व्हायचं. गाव म्हणायचं, लोहारबाबाच्या हातचा विळा. बाबा गेले, भावानं भट्टीच्या जागेवर स्लॅबचं घर बांधलं, ऐरण भंगारात गेली आणि आई माझ्याकडे नाशिकला आली. माझ्या सासऱ्यांनी तर कधीच भाता सोडून मखमलाबादकडे फुलशेती धरली होती, आणि नवरा सातपूरच्या कंपनीत फिटर. म्हणजे दोन्ही घरची भट्टी विझलेली.

आईचं ते उत्तर माझ्या डोक्यात गेलं. हयात घातली तिनं त्या ऐरणीपुढे. "डोळे मिटून मारायचीस का घण?" असं मी फटकन बोलून गेले. ती शेवंतीच्या काड्यांकडे वळली. दोनेक दिवसांनी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सांडशी हातात आली तर जमंल मला. कधी बाहेर काढायचं, कुठं ठोकायचं, समदं दिसायचं मला. कोणी विचारलं नाय एवढंच."

मग मी विचारलं. आणि मी एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

नवी भट्टी विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि इच्छाही नव्हती. आग्रा रोडच्या एका गॅरेजवाल्यानं ट्रकचा जुना ब्रेकड्रम असाच दिला, वर "काकू, शेगडी करणार का?" असंही विचारलं. ड्रमच्या बुडाला मोठं भोक होतंच, त्याला लोखंडी पाइप जोडला. पाइपाच्या तोंडावर कोळसा अडवायला जाळी हवी, म्हणून मी शहाणपणानं बाथरूमची चकचकीत जाळी आणली. पहिल्याच दिवशी ती वितळून पाइपात ओघळली, कारण ती ॲल्युमिनियमची होती. आई वाकून बघत म्हणाली, "चांगली शिजलीय." नवऱ्यानं जाड लोखंडी चकतीला भोकं पाडून दिली, तेव्हा ते प्रकरण मिटलं.

हवेचाही असाच घोळ झाला. भाता आणायचा कुठून? नवऱ्याकडे मोटरसायकलवरची धूळ उडवायचा विजेचा ब्लोअर होता, तोच पाइपाला लावला. चालू केल्याबरोबर निखारे भट्टीतून उडून अंगणात. आई चिडली की अहिराणीवर येते. "हाई काय शे?" म्हणत ती पदर झटकत मागे सरली. मग पाइपाला मध्ये खाच पाडली आणि त्यावर पत्र्याची सरकती झडप बसवली. झडप उघडली की जास्तीची हवा बाहेर जाते, निखाऱ्यांना लागेल तेवढीच मिळते. ही युक्ती माझी. नवरा लोकांना सांगतो की त्याची.

ढाब्यावरचा लाकडी कोळसा नुसता तडतडला आणि बघता बघता संपला, म्हणून अंबडला फाउंड्रीला माल पुरवणाऱ्याकडून दगडी कोळशाचं पोतं आणलं. राहिली ऐरण. त्यासाठी आईला घेऊन भंगार बाजारात गेले. ती प्रत्येक जाड लोखंडावर हातोडी अलगद सोडून बघायची, हातोडी किती उसळते ते. न उसळलेल्या लोखंडाकडे ती परत ढुंकून बघत नव्हती. भंगारवाला कंटाळून चहाला निघून गेला. शेवटी पोकलेनची एक मांडीएवढी पिन सापडली. हातोडी त्यावर पडली आणि खणकन वर आली. आई हसली. बाबा गेल्यानंतर तिला मी असं हसताना पहिल्यांदा पाहिलं. ती पिन आम्ही बाभळीच्या ओंडक्यात उभी ठोकली, झाली ऐरण.

हे सगळं मांडलं विकायच्या रोपांच्या शेडनेटमध्ये. उन्हात आईला बसवायचं नव्हतं, आणि हिरव्या जाळीखाली बरी सावली असते. जाळी उंच होती, तरी ठिणग्यांनी तिला चार भोकं पडलीच, त्यावरून नवऱ्यानं तोंड वाजवलं. मी ऐकून घेतलं. म्हणजे फार नाही ऐकून घेतलं.

भाऊ देवळ्याहून इकडे नाशिकच्या बाजारात कांद्याचा टेम्पो आणतो. त्याच्या टेम्पोच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा त्यानं आणून टाकला, विळ्याला तेच लोखंड चांगलं. टाकताना म्हणाला, "ताई, या वयात कशाला राबवतेस तिला? आणि तिला काय येतंय? घण मारायची ती." आई तिथेच उभी होती. मी म्हटलं, "पाटा दिलास, उपकार झाले. आता नीघ."

दुसऱ्या दिवशी आई पाटावर बसली, सांडशी तिच्या हातात आणि घण माझ्या. लोखंड लाल झालं, तिनं ऐरणीवर ठेवलं, हातोडीची टिचकी मारली. मी घण घातला. टिचकी, घण, टिचकी, घण. हातोडी कुठे पडते यावरूनच मला सगळं कळत होतं. पाटा लांबला, पातळ झाला, पिनेच्या काठावर घेऊन तिनं त्याला वळण दिलं. विळ्याचं पोट असं सुबक उतरलं की मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. शेवटी तिनं पातं तापवलं आणि पाण्यात घातलं.

टिक्. पात्याला आडवी चीर गेली.

नवरा म्हणाला, या लोखंडाला पाणी नको, तेल पाहिजे. गाडीचं जळकं ऑइल आणलं. दुसरा विळा चिरला नाही, पण ओंडक्यावर हलका आपटला तर दोन तुकडे. तुटल्या जागी साखरेसारखे जाडे जाडे दाणे चमकत होते. आई ते बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे फार तापलंय. पण मला तर तेवढं दिसलं नाय तापलेलं." तिसऱ्या वेळी तिनं डोळे बारीक करून निखाऱ्यावर नजर लावली, मध्येच डोळे पुसले, परत बघितलं. तोही मोडला, तसेच दाणे.

त्या वेळी भाऊ रिकामा टेम्पो घेऊन परतीच्या वाटेवर चहाला थांबला होता. तुकड्यांकडे बघून त्यानं नुसती मान हलवली. बोलला असता तर मी भांडले तरी असते.

आईनं सांडशी खाली ठेवली. "माझ्या डोळ्यांत काय राहिलं नाय आता," ती म्हणाली. मग हात धुता धुता म्हणाली, "आन् तेव्हाही नसंल. तुझ्या बाबांनी सांडशी दिली नाय ते बरोबरच केलं."

ती जाऊन पुन्हा शेवंतीच्या काड्या निवडायला बसली. मला तीन विळे मोडल्याचं काही नव्हतं, आणखी दहा मोडले असते तरी चाललं असतं. पण जन्मभर आपल्याला येतं असं मनात धरून बसलेल्या बाईनं ते असं उष्टं पाणी टाकावं तसं टाकून दिलं, हे मला सोसवेना. मला भावाचा राग आला, लोखंडाचा आला, आणि बाबांचाही आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले. आईला मी काय काय समजावलं, डोळे तपासून आणू म्हटलं, चष्मा बदलू म्हटलं. ती म्हणाली, "रोपांना पाणी दे, सुकली."

मग चार-आठ दिवस भट्टी तशीच पडून राहिली. आणि एका सकाळी एक बाई झेंडूची रोपं घ्यायला आल्या. कळ्या नुकत्या उमलत होत्या. त्यांना भगवा हवा होता, पिवळा नको. रोप हातात धरून म्हणाल्या, "हा कुठला हो? मला काही कळत नाही." मी रोज दहा जणांना सांगते तेच त्यांना सांगितलं, "जाळीखाली रंग खरा दिसत नाही ताई, बाहेर नेऊन बघा."

माझं बोलणं माझ्याच कानांवर पडलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. हिरव्या जाळीखाली मी झेंडूचा रंग ओळखू शकत नाही, आणि आईनं तापल्या लोखंडाचा रंग ओळखावा म्हणते. वर तिथे उजेड तरी केवढा, अख्खं आभाळ जाळीतून गळतं. एवढ्या उजेडात लोखंड फिकंच दिसणार. ते पुरेसं लाल दिसेपर्यंत ती थांबायची, आणि तोवर ते कधीच जास्त तापलेलं असायचं. बाबांची भट्टी कशी होती? बुटकी, काळीकुट्ट, एक दार आणि बस. लहानपणी वाटायचं गरिबीमुळे अंधार आहे. त्या बाईंना मी रोपं फुकट दिली. का दिली ते त्यांना अजून कळलं नसेल.

आईला मी काही समजावत बसले नाही. खताच्या गोण्या ठेवायची पत्र्याची खोली आहे, ती नवऱ्याला सुट्टी घ्यायला लावून रिकामी केली. धूर जायला वरचे दोन पत्रे काढले, दार सताड उघडं ठेवलं. भट्टी, ओंडका, पाइप सगळं आत नेलं, आतून भिंती काजळीनं काळ्या केल्या. कोळसा पेटवला, पाट्याचा एक तुकडा आत सारला आणि आईला हाक मारली, "नुसतं बघायला ये. काही करू नको."

ती दारात येऊन उभी राहिली. एकदा निखाऱ्यांकडे बघितलं, एकदा भिंतींकडे. मग आत आली, पाट ओढला आणि म्हणाली, "काढ ते बाहेर. जळतंय." मी काढलं नाही. तिनंच माझ्या हातातून सांडशी हिसकावली.

त्या दिवशी तिनं मला दमवलं. घण जरा इकडचा तिकडे पडला की ती थांबायची, माझ्याकडे बघायची आणि त्याच जागी पुन्हा टिचकी मारायची, दुप्पट जोरानं. पातं झाल्यावर तिनं ते शेवटचं तापवलं आणि मला वाटलं त्याच्या खूप आधी तेलात घातलं. हाही गेला, असं मी धरूनच चालले. तिनं बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं ते घासलं, ठिसूळपणा जावा म्हणून परत हलकेच निखाऱ्यांवर धरलं. धारेवर कांद्याच्या सालीचा रंग हळूहळू सरकत आला, तसं तिनं ते पुन्हा बुडवलं. आणि मग, मी नको नको म्हणत असताना, पूर्ण ताकदीनं ओंडक्यावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. ओंडक्याला खाचा पडल्या आणि विळा तसाच.

"डोळे चांगले हायत माझे," आई म्हणाली.

नवरा तो विळा हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला. कंपनीत असं पातं करायचं तर तापमान दाखवणारं यंत्र लागतं, असं काहीतरी पुटपुटला. मला एवढा अभिमान वाटला की मी त्या दिवशी शेजारणीला, दूधवाल्याला आणि रिक्षावाल्यालासुद्धा विळा दाखवला. रिक्षावाला जरा घाबरला.

भाऊ आला तेव्हा मी विळा त्याच्या हातात ठेवला. "कांदा काढणीला वापर. मोडून दाखव." त्यानं तो टेम्पोत टाकला आणि गेला.

काढणी अर्धी झाली असेल तेव्हा त्याचा फोन आला. आम्ही दोघी खोलीतच होतो, मी फोन स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, शेजारच्या मळ्यातले म्हातारे शेतकरी आलेत, जन्मभर आपल्याच भट्टीवर यायचे ते. विळा सोडतच नाहीत. म्हणतात लोहारबाबाच्या हातचा दिसतोय, कुठं जपून ठेवला होतास? "मी म्हटलं, आईनं केलाय. तर विचारतात, कोणी? त्यांना खरंच वाटत नाही."

आईनं सांडशी निखाऱ्यांतून बाजूला घेतली. "आईनं म्हणून काय कळणार त्याला? लोहाराची बायको एवढंच ठावं त्याला. नाव सांग माझं."

"अगं हो, सांगतो..."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि आपलं नाव सांगितलं, पुढे वडिलांचं, मग आडनाव, माहेरचं. तिच्या तोंडून ते तसं सलग मी कधी ऐकलं नव्हतं. पलीकडे टेम्पोचा आवाज होता, भावाला नीट ऐकू गेलं नाही. तो म्हणाला, "काय?"

आईनं परत सांगितलं. या खेपेला जरा मोठ्यानं.