घड उतरवलेली केळ

पाठीवर सॅक टाकून मी मेक्सिकोच्या किनाऱ्यानं हिंडत होतो. माया लोकांचं पडकं देऊळ पाहून मुक्कामाच्या घरी परतलो, तर अंगणात घड उतरवलेली केळ तशीच उभी. घड उतरवला की ती केळ पुन्हा फळत नाही, लगेच तोडायची असते; बुऱ्हाणपूरला आमच्या मळ्यात असं खोड उभं दिसलं की वडील माझ्या कानाखाली वाजवायचे. माझं डोकंच फिरलं. भिंतीजवळचा कोयता उचलला आणि तीन घावांत खोड आडवं केलं.

घरमालक धावत आला आणि त्यानं थेट तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला. मी त्याची गचांडी धरून हात उगारला, तेव्हा तो ओरडत खाली बोट दाखवू लागला. बुंध्याशी फुटलेलं कोवळं पील, म्हणजे त्याची पुढची केळ, खोडाखाली चिरडलं होतं.

केळीवाल्या घरातला मी, पील बघायचंच विसरलो! दुसरा ठोसा मुकाट्यानं खाल्ला. वडिलांनी एवढ्यावर सोडलं नसतं.